मासवडीचा डबा

मला राग लवकर येतो आणि आला की जायचं नाव घेत नाही. माहेरी म्हणायचे, हिला दुधाच्या पातेल्यापाशी उभी करू नका, दूध नासेल. पण आता सांगतेय त्या गोष्टीतला राग मी मुद्दाम जपलाय, लोणच्यासारखा, वरून तेल घालून. कुणी म्हणालं, झालं गेलं, सोडून द्या आता, तर मी त्याच्याशीही भांडते.

माझं सासर डिंगोऱ्याला, माहेर डिंभ्याला, धरणाच्या कडेला. माहेरी धाकटा भाऊ असतो. पावसाळ्यात भात आणि एरवी धरणातली मासळी, यावर त्याचं घर चालतं. त्याला एकच मुलगी, माझी भाची. घोडेगावात औषधाच्या दुकानात कामाला जाते. एसटी कधी येते, कधी येत नाही, पण पोरीचा खाडा नाही.

तिला बघायला पुण्याचे पाहुणे आले. पुण्याचे म्हणजे अगदी पेठांतले नव्हेत, पूर्वेच्या टोकाला मुंढव्याच्या पुढं नदीकाठी टॉवर उठलेत, तिथले. मध्यस्थ पेठ गावचा होता. त्यानं सांगितलं होतं की चार माणसं येतील. आल्या दोन गाड्या भरून. मुलगा, आई, वडील, आणि बाकीचे कोण कुणाचे ते मला आजतागायत कळलेलं नाही. अर्ध्या चड्डीतले बाप्ये, गॉगल लावलेल्या बाया, कुणाच्या तरी शेजाऱ्यांची पोरं. मुलगी बघायची सोडून सगळे आधी धरण बघायला पळाले. भिंतीसमोर फोटो काढले. भावानं होडीतनं चक्कर मारून आणली, तर चिप्सची पाकिटं पाण्यात टाकली. भाऊ बिचारा वल्हं मारत राहिला. मुलीचा बाप ना!

मी चुलीपाशी होते. त्यामुळं मला त्यांनी नीट बघितलंच नाही, आणि पुढं तेच कामाला आलं. मासवडी मी केली होती. कुणी खाल्ली नसेल तर सांगते: बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजून केलेलं सारण पसरायचं, गुंडाळून मासळीच्या आकाराचं करायचं आणि वड्या कापायच्या. बरोबर काळा रस्सा. नाव मासवडी, पण आत मासळीचा कण नसतो. मासळी वेगळी तळली होती, भावानं पहाटे आणलेली. पाहुण्यांनी दोन्हींवर असा काही हात मारला की घरच्यांना रश्श्याचं पाणी उरलं.

भाचीनं वाढलं. मुलाच्या आईला तर तिनं आग्रह करकरून वाढलं. जेवणं झाल्यावर तिला चालून दाखव म्हणाले, केस सोडून दाखव म्हणाले, हात पुढं कर म्हणाले. ती करत गेली. मुलगा तेवढा वेळ धरणाचे फोटो कुणाला तरी पाठवत बसला होता.

निघताना मुलाची आई माझ्या भावजयीला म्हणाली, "मासवडी डब्यात द्या हो थोडी. घरी सासूबाई आहेत." भावजयीनं फळीवरनं सगळ्यात चांगला स्टीलचा डबा काढला. तो मीच भावाच्या लग्नात दिला होता. त्यावर माझं नाव, भावाचं नाव, खाली गाव डिंभे, असं कोरून घेतलेलं. भावजय म्हणाली, "डबा सावकाश पाठवा." तर त्या बाई हसून म्हणाल्या, "डब्याचं काय एवढं! आता आपल्यातच राहील की."

भावजय वेडी, तिनं तो होकारच धरला. आणि तिला तरी काय म्हणू, मीही धरला. आमच्याकडं परक्याचा डबा कुणी ठेवून घेत नाही. परत देतानासुद्धा रिकामा देत नाहीत, चार दाणे साखर का होईना घालतात. डबा आपल्यातच राहील म्हटलं की येणंजाणं ठरलं, सोयरीक झाली. गाड्या वळणावर दिसेनाशा व्हायच्या आत भावानं देवापुढं नारळ फोडला.

आठवड्यानं मध्यस्थाचा फोन आला. मुलगी बरी आहे, पण घराला मासळीचा वास येतो.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. होडीत बसताना वास आला नाही? ताटात तळलेला तुकडा पडला तेव्हा आला नाही? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मेली! नको म्हणायचं तर नको म्हणा, मुली नाकारतात, आम्हाला का ठाऊक नाही. पण पोट फुटेस्तोवर खाऊन हे?

भाची रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती हात धुवायला लागली. कामावरनं आली की धुवायची, निजायच्या आधी धुवायची, मग हळूच नाकाशी नेऊन बघायची. मासळी खायची बंद केली. बापाला म्हणाली, जाळं ओट्यावर नको वाळवू, लांब नेऊन टाक. आणि पुन्हा कुणापुढं बसायला तयार होईना. चांगली दोन स्थळं आली आणि तशीच गेली.

मग एकदा ओतूरच्या बाजारात एका बाईशी बोलताना मला खरा प्रकार कळला. तिच्या पुतणीलाही हीच मंडळी बघून गेली होती. डिंभ्याच्या पुढच्याच रविवारी! सकाळी लेण्याद्री केली, दुपारी मुलीकडं जेवले, जाताना भाज्यांच्या पिशव्या भरून नेल्या. त्याच्या पुढच्या खेपेला नाणेघाट आणि घाटाखालची कुणाची तरी मुलगी. बाई म्हणाली, "आवं, ती मान्सं पोरी बघायला येत न्हाईत, तालुका बघायला येत्यात. हाटेलाचा खर्च वाचतो न्हवं!"

मी बाजार तसाच टाकून घरी आले. आमच्या ह्यांना म्हटलं, "उट्टं काढायचं." हे ताटावर होते. म्हणाले, "कोनाचं?" मी सांगितलं. हे म्हणाले, "काढू की, पण आदी भाकर वाढ."

माझी मुलगी लग्नाची होती. आमचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, तालुका वेगळा. मोबाईलवर वधूवरांचा ग्रुप असतो, त्यात त्या मुलाची माहिती अजून फिरतच होती, बिचाऱ्याचं कसं जुळावं! मी मुलीला विचारलं. ती एक नंबरची इब्लिस, म्हणाली, "आई, माझा तो साडीतला फोटो टाक, गळाला लगेच लागतील." फोटो टाकला. दोन दिवसांत फोन. मी म्हटलं, आमच्याकडं रीत आहे, आधी आम्ही घर बघणार, मग मुलगी दाखवणार. या की, म्हणाले, आम्ही तुम्हाला आमचा सगळा भाग दाखवू.

हे मी डिंभ्याला जाऊन भावजयीला सांगत होते, तर भाची आतनं आली. म्हणाली, "आत्या, मीबी येते."

"तुला बघून समदा डाव फुटंल की गं."

"फुटला तर फुटला. मी काय बोलणार न्हाई. मला एवढंच बघायचंय, त्ये मला वळखत्यात का."

"आन् वळखलं तर?"

"वळखलं आन् जरा मान खाली घातली, तर सोडून द्यायचं. तू कायबी बोलायचं न्हाई. शपथ घे."

मी शपथ घेतली. मनात म्हटलं, सोडते बघ!

तर एका रविवारी आम्ही जीप भरून निघालो. हे, मी, भाची, दीर-जाऊ आणि त्यांची पोरं. पोरांना मी सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. मुलाचा बाप नदीवरच्या पुलापाशी आम्हाला घ्यायला उभा होता, शेजारी त्या बाई आणि तो मुलगा. भाची सगळ्यात आधी खाली उतरली. बाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "ही का मुलगी?"

"न्हाई, ही माझी भाची. आली सोबतीला."

"हो का? छान," म्हणाल्या आणि पुढच्या नमस्काराकडं वळल्या. मुलानं मान हलवली, जशी दुकानातल्या गिऱ्हाइकाला हलवतात तशी.

भाची माझ्याकडं बघून हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

मग त्यांनी आम्हाला त्यांचा भाग दाखवला. नदीकाठची बाग दाखवली, तिथं फरशीच्या वाटेवर माणसं घाम गाळत पळत होती, मागं कुणी लागलेलं नसताना. काचेचे टॉवर दाखवले. मॉल दाखवला, तिथं जाऊबाई सरकत्या जिन्यापाशी जी थांबली ती शेवटपर्यंत चढली नाही. आणि नदी दाखवली. नदी! काळं पाणी, वर जलपर्णीचा हिरवागार गालिचा, बंधाऱ्यापाशी पांढरा फेस. मुलाचे वडील पुलावर गाडीची काच न उतरवता म्हणाले, "संध्याकाळी इथून व्ह्यू फार सुंदर दिसतो." आमचे हे म्हणाले, "मंग खाली उतरू की." ते म्हणाले, "नको, पुढं चांगला पॉइंट आहे." प्रत्येक ठिकाणी पॉइंट पुढंच होता.

खायचं मात्र मी कुठंच पुढं ढकललं नाही. मिसळीचं हॉटेल दिसलं, मी म्हटलं पोरांना भूक लागली. मिसळ झाली, पाव पुन्हा पुन्हा मागवला. उसाचा रस झाला. मस्तानीची पाटी दिसली, मी म्हटलं आम्ही गावाकडची माणसं, कधी प्यायलो नाही. खोटं! नारायणगावातसुद्धा मिळते. दिराच्या धाकट्यानं दोन प्यायल्या आणि तिसरीला माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानंच घे म्हटलं. मुलाचा बाप आधी हसत खिशात हात घालत होता, मग नुसता घालायला लागला. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! धरणात टाकलेलं एकेक चिप्सचं पाकीट मी वसूल करत होते.

दुपारी मांजरीच्या बाजूला नदीकाठच्या एका हॉटेलात नेलं. दारात बैलगाडी, बैल सिमेंटचे. आत खाटा, कंदील, आणि फेटे बांधलेले वाढपी, त्यांना फेट्यात घाम आलेला. मुलाच्या बापानं आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "पाव्हणं, थोडी बियर चालेल का?" ह्यांनी माझ्याकडं बघितलं. एरवी मी डोळे काढले असते. म्हटलं, "घ्या की! आज समदं घ्यायचं." ह्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि "लई झ्याक सोयरं हायेत राव" असं मनापासून म्हणायला लागले. मी टेबलाखालून पाय दाबला, तर म्हणाले, "पाय का दाबतीस?"

पाटीवर गावरान मासवडी होती. मी मागवली. आली. जाडजूड, सारण नावाला, तीळ जळके. भाची उठली, ताटली उचलली आणि मुलाच्या आईला आपल्या हातानं वाढली. अगदी तशीच, डावा हात पदराच्या टोकाला लावून, डिंभ्याच्या घरात वाढली होती तशी. म्हणाली, "काकू, अजून एक घ्या ना."

बाईंनी घास घेतला, तोंड वाकडं केलं. "ही काही खरी नाही हो. खरी मासवडी आम्ही तुमच्याच भागात खाल्ली होती एकदा. काय चव! अजून जिभेवर आहे."

मी म्हटलं, "कुठं हो?"

"आता कुठं ते काय आठवतंय, ताई! कितीतरी ठिकाणी जेवलो."

भाचीच्या हातातली ताटली तशीच राहिली. मग तिनं ती हळूच खाली ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती जेवली नाही. मला वाटलं त्या सिमेंटच्या बैलांपैकी एक उचलावा आणि त्या बाईच्या डोक्यात घालावा.

चहाला त्यांच्या घरी गेलो. सातव्या मजल्यावर, नदीकडं तोंड करून. सोफे, मोठा टीव्ही, कसला तरी मोगऱ्याचा फवारा मारलेला, इतका की डोकं गरगरलं. सगळ्या खिडक्या बंद. मुलाचे वडील म्हणाले, "आमचा रिव्हर व्ह्यू आहे. त्याचेच तर पैसे जास्त पडले."

"मंग उगडा की खिडकी," मी म्हटलं. "नदी बघू द्या आमाला."

"नको, डास येतात."

"दिवसा कसले डास? उगडा वो." आणि मी उठून स्वतःच उघडली.

आला! असा आला म्हणता! सांडपाणी, सडका पाला, आणखी काय काय. मोगरा एका क्षणात मेला. दिराच्या धाकट्यानं नाक धरलं, जाऊबाईनं त्याला चापट मारली. बाई लगबगीनं उठल्या, पण मी खिडकीतनं हललेच नाही. म्हटलं, "काय झ्याक वारं लागतंय!"

माझं वाक्य तयार होतं. सकाळी डिंगोऱ्यापासून जीपमध्ये मी ते मनात घोळवत आले होते. पण तोंड उघडणार तेवढ्यात त्या बाईंनी भाचीला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेतला, तोच हात, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. तुमची मुलगी छानच असेल. पण आम्हाला ही तुमची भाचीच आवडली. दिवसभर बघतेय मी. किती शांत, वाढायची पद्धत किती छान. हिचं कुठं ठरलंय का?"

ह्यांची सगळी बियर तिथल्या तिथं उतरली.

भाची म्हणाली, "न्हाई, काकू. कुठं न्हाई ठरलं."

"मग बघ! चहा टाकलाय आत. जरा साखरेचा डबा आणतेस का बाळा? फळीवर आहे." आणि मला डोळा घातला, म्हणजे बघू या, घरात कशी वावरते.

भाची आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात आमचा डबा होता.

मी लांबनंच ओळखला. माझ्या भावाला दिलेला डबा, झाकणाच्या कडेला पोचा आलेला. तिनं तो टीपॉयवर ठेवला, कोरलेली बाजू बाईंच्या तोंडासमोर केली. "काकू, ह्याच्यावर काय लिहिलंय, वाचता का?"

बाईंनी चष्मा लावला. भावाचं नाव वाचलं. माझं वाचलं. डिंभे वाचलं. मग पुन्हा भावाचं नाव वाचलं. त्यांनी वर बघितलं, भाचीच्या तोंडाकडं, त्या दिवसात पहिल्यांदा. मुलगा आधीच कोपऱ्यातनं उठून आत गेला होता. मुलाचे वडील नदीकडं बघत होते, अखेरीस मिळाला त्यांना व्ह्यू. बाई म्हणाल्या, "अगं... तुम्ही ते... धरणावरचे? मासवडीवाले? अगं बाई, तू किती बदललीस!"

"मी न्हाई बदलले," भाची म्हणाली.

तिनं शेजारचं वर्तमानपत्र ओढलं, उलगडलं, आणि डबा त्यावर उपडा केला. सगळी साखर. तळ थोपटला, दाणा राहू दिला नाही. म्हणाली, "तुमची साखर तुमाला ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं साखर न्यायची म्हंजे सोयरीक झाली असं धरत्यात."

बाई म्हणाल्या, "अहो ताई, गैरसमज झाला हो, तेव्हा मध्यस्थानंच काहीतरी..."

मान खाली घातली असती, एवढीशी, तरी माझ्यावर शपथ होती. पण नाही घातली. मग मी माझं वाक्य काढलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "मुलगा बरा हाये, पण तुमच्या घराला नदीचा वास येतो."

आणि आम्ही निघालो. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो, जाऊबाईच्या गुडघ्यांसकट.

जीपमध्ये मी नुसती उकळत होते आनंदानं. सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, बाईचं तोंड कसं झालं, खिडकी कशी उघडली. पोरं हसून लोळत होती. भाची खिडकीशी, डबा मांडीवर. मंचर आल्यावर मी म्हटलं, "पोरी, बोल की गं काय तरी. काढलं का न्हाई उट्टं?"

ती म्हणाली, "आत्या, त्यांनी मला न्हाई वळखलं. वाचलं, तवा वळखलं."

सूड घ्यायचा तर समोरच्याला आठवण तरी पाहिजे. ज्यांनी पोरीचं तोंडच बघितलं नव्हतं, त्यांना मी काय मेलं लाजवणार? माझा राग त्या क्षणी दुप्पट झाला आणि तो अजून तेवढाच आहे. त्यांचे नंतर फोन आले, मी उचलले नाहीत. ग्रुपवर मात्र मी त्यांची सगळी सहल बायकांना सविस्तर सांगितली, गावागावांसकट. आता आमच्या दोन्ही तालुक्यांत त्यांना कुणी पाण्याचा पेलासुद्धा देणार नाही.

रिकामा डबा घरी नेऊ नये म्हणतात. आम्ही नेला. भावजयीनं तो राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ धरणावरनं आला, तर पोरगी चुलीपाशी बसलेली. "किती मिळाली?" म्हणाली. त्याच्या हातातनं मासळी घेतली, साफ केली, मसाला लावून तळली आणि त्या डब्यात भरून घोडेगावला कामावर घेऊन गेली.

दुपारी तिनं तो दुकानातच उघडला म्हणे. सगळ्या दुकानात वास सुटला. मालक म्हणाला, कसला वास येतोय? तर म्हणाली, "आमच्या घरचा."